सहा मजल्यांचा घाट

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. म्हटलं, एका ड्रायव्हरच्या तोंडाला पानं पुसली, त्यात नवीन काय? पण ऋत्विकचा राग अजून गरम आहे. तो आहे तोवरच लिहिलेलं बरं.

तर, शुक्रवारची सकाळ. मॉलचं पार्किंग रिकामं. सहाव्या मजल्यावरून खाली उतरणारा गोल रॅम्प. स्टिअरिंगवर गुरुप्रसाद साहेब, बाजूला ऋत्विक.

"साहेब, ब्रेकवरचा पाय काढा."

"अरे, गाडी पळतेय."

"पळू दे. दोनवर टाका. गिअर धरेल तिला."

साहेबांनी दोनवर टाकली. इंजिन घोगरं ओरडलं, गाडीनं पाय रोवल्यासारखं केलं आणि सावकाश वळायला लागली. पाचवा मजला. चौथा. मग एका वळणाला साहेबांचा धीर सुटला, पाय परत ब्रेकवर गेला तो तळमजला येईपर्यंत तिथेच. खाली उतरले तेव्हा चाकांमधून करपट वास येत होता.

"हे सहा मजले आहेत साहेब," ऋत्विक म्हणाला. "तिकडे छत्तीस वळणं आहेत. आणि बाजूला भिंत नाही, दरी आहे."

साहेब हसले, घाम पुसला आणि म्हणाले, "तू आहेस ना."

बहारीनमध्ये चढच नाही. जबल दुखान म्हणून एक डोंगर आहे, पण गुहागरच्या माणसाने त्याला डोंगर म्हणायचं म्हणजे उंचवट्याचा मान ठेवायचा. इथे गाडी चालवायची म्हणजे सपाट, सरळ, आणि पाऊण-एक तासात रस्ता संपून समोर समुद्र. ऋत्विक सात वर्षं कंपनीचा ड्रायव्हर. त्यातली पाच वर्षं गुरुप्रसाद साहेबांच्या दिमतीला: सकाळी साहेबांना साईटवर, मग त्यांच्या स्पृहाला शाळेत, मग नीला मॅडमना जिथे जायचं तिथे. सात वर्षांत इतके किलोमीटर झाले असतील की पृथ्वीला दोन-तीन फेऱ्या व्हाव्यात, आणि गेला कुठे? कुठेच नाही. त्याच बेटावर गरागरा.

म्हणून गेल्या गणपतीत नीला मॅडम जे बोलल्या, ते त्याच्या काळजाला जाऊन बसलं.

साहेबांकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आरती झाली, वीस-पंचवीस मंडळी पुण्या-मुंबईची, हातात प्रसादाच्या वाट्या. युरोपचा विषय निघाला. जूनच्या सुट्टीत म्युनिक ते व्हेनिस, गाडीने, आल्प्सच्या घाटातून. कुणीतरी म्हणालं, गुरुप्रसाद, तुला जमेल का घाट? आणि नीला मॅडम, मूर्तीच्या बाजूला समईत तेल घालत उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "त्यांना कशाला जमायला हवंय? आमचा ऋत्विकच नेणार आम्हाला. कोकणातला आहे तो, घाटात वाढलाय. काय रे, येशील ना?"

ऋत्विक दारात चपला सरळ करत होता. तो म्हणाला, "येईन."

आता हे समजून घ्या. त्याच्या पालशेत गावात गणपतीसमोर बोललेलं परत घेत नाहीत. जमिनीच्या वाटण्या तिथे ठरतात, लग्नं ठरतात, दहा वर्षं न बोलणारे भाऊ तिथे बोलतात. मूर्ती बसलेली असताना मस्करीतसुद्धा कुणी कबूल होत नाही. त्याने त्याच संध्याकाळी आईला फोन केला. आईने नारळ ठेवला. दोन दिवसांत वाडीभर झालं, की रखमाचा मुलगा साहेबाला घेऊन युरोपला चालला.

आणि तो कामाला लागला. दोनशे पानी वही आणली. साहेबांची मीटिंग संपेपर्यंत गाडीत बसून मोबाईलवर तो रस्ता बघायचा, वीत-वीत पुढे सरकत. ग्रोसग्लॉकनर नावाचा तो घाट त्याला पाठ झाला. कुठल्या वळणानंतर गाडी बाजूला घ्यायला जागा आहे. कुठे बर्फ मे महिन्यातही भिंतीसारखा उभा असतो. कुठे खाली निळं तळं दिसतं आणि सकाळी किती वाजता त्याच्यावर ऊन येतं. कुठे लाकडी बाक आहे, मॅडमना गुडघ्याचा त्रास आहे, तिथे बसता येईल. स्पृहाला गाडी लागते, म्हणून कुठल्या वळणाच्या आधी आल्याची गोळी द्यायची. मराठीत लिहिलेलं, बाणबिण काढून. साहेबांना बघायला द्यायचा, तर ते म्हणायचे, ग्रेट, ग्रेट, असंच कर.

सुट्टी दोन वर्षांतून एकदा मिळते. ती मार्चमध्ये शिमग्याला घ्यायची होती. यंदा पालखी त्यांच्या घरी थांबायचा मान होता. जूनसाठी सुट्टी राखायची म्हणून त्याने ती घेतली नाही. पालखी दारात आली तेव्हा खांदा द्यायला घरचा पुरुष नव्हता, शेजारच्यांनी दिला. आई फोनवर एवढंच म्हणाली, "असू दे. तू मोठ्या कामाला जातोयस."

एप्रिलमध्ये सलमानियाच्या सिग्नलला उभे होते. मागे नीला मॅडम, बहिणीशी पुण्याला फोनवर बोलत होत्या. ड्रायव्हरच्या बाबतीतलं असलं, की मॅडम इंग्रजीत जातात. सात वर्षांत माणूस इंग्रजी शिकत नाही असं त्यांना का वाटतं कोण जाणे. त्या म्हणाल्या, छे गं तेजस्वी, ड्रायव्हरला कुठे नेणार, त्याची वेगळी खोली, त्याचा व्हिसा, जेवायला एका टेबलावर बसवायचा का त्याला. ते आपलं बोलण्याच्या ओघात बोलले मी. पण रिसर्च इतका छान करतोय ना, करू दे. हौस आहे त्याला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला.

"ऋत्विक, यल्ला, चल," मॅडम म्हणाल्या. "लक्ष कुठंय?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. आग खरंच पायातून निघते. ज्या पायाने आपण त्यांना रोज ने-आण करतो, त्याच पायातून.

तरी त्याने एकदा विचारलं. माणसाला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं असेल. साहेब केबिनमध्ये होते. त्याने व्हिसासाठी कंपनीचं पत्र मागितलं. सही साहेबांचीच लागते. साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं.

"त्याचं काय आहे ऋत्विक, कंपनीची पॉलिसी थोडी टाइट आहे. पुढच्या वेळी बघू, इंशाल्ला. आणि हे बघ, तुला मी येताना मस्तपैकी मॅग्नेट आणतो. फ्रीजवर लावायला. आणि ती वही देऊन ठेव हां. उताराचं तू लिहिलंयस ना सगळं, ते मी बघून करेन."

ऋत्विक हो म्हणाला. गाडीत आला. वही उघडली, उताराचं पान शोधलं आणि फाडलं. अलगद, पिनेजवळून, कळणारसुद्धा नाही असं. तळी, बाक, बर्फाच्या भिंती, सगळं राहू दिलं. ते पान खिशात घातलं आणि वही नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

शहजाद रिकव्हरीचा ट्रक चालवतो. बंद पडलेल्या, आपटलेल्या गाड्या उचलून मीना सलमानच्या वर्कशॉपमध्ये आणून टाकायच्या. श्रीवर्धनचा. दोघे एकाच खोलीत राहतात, आठ जणांत. मॅग्नेटचं ऐकून तो इतका हसला की खोकला लागला.

"फ्रीज मफी," तो म्हणाला. "आपला फ्रीजच नाही. आठ माणसांत एक, तो पण खोलीवाल्या मलबारी शेठचा. मॅग्नेट काय कपाळावर लावणार?"

मग वर्कशॉपच्या दारातच ऋत्विकने खिशातलं पान दाखवलं. त्याला वाटलं होतं, शहजाद पाठ थोपटेल. साहेबांना निघायला एकच दिवस राहिला होता.

शहजादने पान वाचलं. मराठी तो हळू वाचतो. *उतार सुरू झाल्यावर दोनवर टाका. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. पाच ठिकाणी थांबा, जागा खाली दिल्या आहेत. करपट वास आला तर अर्धा तास गाडी उभी. चाकावर पाणी अजिबात मारू नका.*

"हे त्याच्याकडे नाही?"

"नाही."

"त्याला येतं?"

"रॅम्पवर तिसऱ्या मजल्यापर्यंत येतं."

शहजाद हसला नाही. त्याच्या ट्रकवर एक पांढरी गाडी होती, बॉनेट चेपून काचेपर्यंत आलेलं. तो वर चढला, मागचं दार ओढून उघडलं आणि लहान मुलाच्या सीटचा पट्टा अजून लागलेला होता तो सोडवला. मग खाली उतरला.

"हे मी आधी करतो," तो म्हणाला. "वर्कशॉपवाल्यांनी बघायच्या आधी. कुणी सांगितलेलं नाही."

"मला शिकवू नको तू."

"मी कुठे शिकवतोय? पोरगी मागे बसते ना त्यांची? विचारलं फक्त."

ऋत्विक भडकला. इतक्या महिन्यांचं सगळं त्याने शहजादवरच काढलं. मीच का विचार करायचा सगळ्यांचा? माझा कुणी केला? माझ्या दारातून पालखी गेली, शेजारच्याचा खांदा लागला तिला. आईला काय सांगू, मॅडम ओघात बोलल्या? गरज सरली, वैद्य मेला, आणि वर वैद्यानेच औषध लिहून द्यायचं? पान घडी करून शहजादने ऋत्विकच्याच खिशात परत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एअरपोर्ट. चार बॅगा, एक छोटी गुलाबी. ऋत्विकने सगळ्या ट्रॉलीवर चढवल्या. स्पृहा अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, वाचताही येतं, उत्तर इंग्रजीत देते. तिने ट्रॉलीकडे बघितलं, मग गाडीच्या उघड्या डिकीकडे, मग ऋत्विककडे.

"ऋत्विक दादा, व्हेअर इज युअर बॅग?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब पासपोर्ट मोजायला लागले. मॅडमनी गॉगल चढवला आणि म्हणाल्या, "बेटा, दादाला इथे काम आहे."

"मला काम नाही मॅडम," ऋत्विक म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, पण ट्रॉलीचा दांडा सोडला नाही. "मी सुट्टी राखून ठेवली होती. तुम्ही गणपतीसमोर बोलला होता."

मॅडमना आधी कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. "अरे, ते बोलण्याच्या ओघात…"

"आमच्याकडे गणपतीसमोर ओघात बोलत नाहीत."

साहेब म्हणाले, "ऋत्विक, ही जागा आहे का? खलास, संपव हे आता." मागून टॅक्सीवाला हॉर्न देत होता. ऋत्विकने त्यांच्याकडे नीट बघितलं. पाच वर्षांत आरशातून बघितलं होतं, समोरून पहिल्यांदाच. त्या माणसाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उशीर होतोय एवढंच होतं. मनात आलं, जाऊ दे, घेऊ दे दरी बघून.

मग तो खाली बसला, स्पृहाएवढा झाला आणि खिशातलं पान तिच्या हातात दिलं.

"हे तुझ्याकडे ठेव. पपांकडे नाही, तुझ्याकडे. उतार लागला की वाचायचं. पपांचा पाय ब्रेकवर राहिला, की मागून ओरडायचं, दोन. किती वेळा?"

"एव्हरी टाइम?"

"प्रत्येक वेळी. ते चिडले तरी."

तिने पान गुलाबी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात घातलं, चेन लावली आणि वरून हात फिरवून बघितला.

पाचव्या दिवशी मॅडमच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. स्पृहाचा, घाईत, कुजबुजत. ती चौदा वेळा दोन म्हणाली, पपा खूप चिडले, मग एकदा वास आला तेव्हा आपणहून थांबले, आणि तिथे ते बाक होतं. सेम बाक, दादा. त्याच्या वर मॅडमचा स्टेटस होता. निळं तळं, बरोबर ज्या वेळी ऊन येतं त्या वेळचं. खाली लिहिलं होतं, सगळं प्लॅनिंग आमच्या ह्यांचं.

हे ऋत्विकने शहजादला दाखवलं तेव्हा दोघे अरादच्या किल्ल्यामागे समुद्राकडे तोंड करून ट्रकमध्ये बसले होते. दुपारची सुट्टी. वरून विमान गेलं, इतकं खाली की काच थरथरली.

"राग गेला?" शहजादने विचारलं.

"नाही. आणि घालवणार पण नाही. साहेब आले की दुसऱ्या गाडीवर बदली मागणार आहे."

"पोरीला पान दिलंस ते?"

"ते पोरीला दिलं."

शहजादने चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. ऋत्विक रस्ता सांगायला लागला. श्रीवर्धनवरून निघायचं, बागमांडल्याला गाडी जेट्टीच्या बोटीवर चढवायची, पलीकडे वेश्वी. मग केळशी, आंजर्ले, डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. दाभोळला परत जेट्टी. एका दिवसात पालशेत. पुढच्या शिमग्याला, पालखीच्या आधी पोचायचं. त्याला हा रस्ता कुठे बघावा लागला नाही. दोनशे पानांच्या वहीत तो कधी लिहिलाच नव्हता.

"तू पण यायचं," तो म्हणाला.

"मला ओघात बोलवू नको हां," शहजाद म्हणाला. "मी नारळबिरळ ठेवीन आणि बसेन."

ऋत्विकने डॅशबोर्डवरचं रिकव्हरीचं पावतीपुस्तक ओढलं. गाडी कुठून उचलायची, तिथे श्रीवर्धन लिहिलं. कुठे न्यायची, तिथे पालशेत, शिमगा. ड्रायव्हरच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली सही. इतकी दाबून, की कार्बनखालच्या दुसऱ्या प्रतीवरही उमटली. ती प्रत फाडून त्याने शहजादला दिली.

"मी चालवणार, तू बाजूला बसून समुद्र बघणार," तो म्हणाला. "पालखीला माझ्या दारात माझा खांदा लागेल, आणि तेव्हा तू अंगणात असशील. हा शब्द झाला."