चमच्याचं पाणी

"आवं बाई, पानी नगा पाजू त्येंना! मारता काय माज्या धन्याला?"

सखूबाईनं रतनबाईचं मनगट घट्ट धरलं आणि चमच्यातलं पाणी चिमाजीच्या गळ्यावर सांडलं. रतनबाईनं हात हिसकावून घेतला नाही. सखूबाईची पकड सैल होईपर्यंत ती तशीच थांबली, मग पदरानं चिमाजीचा गळा पुसला आणि पुन्हा चमचा भरला.

"ववकला तर ववकू द्या," ती म्हणाली. "वाईच थांबायचं, परत द्यायचं. आत काय तरी ऱ्हातंच."

"आमच्यात अशा मानसाला पान्याचा थेंब दाखवत न्हाईत."

"ठावं हाय मला," रतनबाई म्हणाली आणि चमचा चिमाजीच्या ओठांना लावला.

चिमाजीला सकाळी सारोळ्याहून मालट्रकमध्ये घालून आणलं होतं. जुलाब-उलट्यांनी त्याचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी सुरकुतली होती. भोरच्या एस.टी. डेपोमागं तांदळाचं एक जुनं गोदाम होतं. पुण्याच्या डॉक्टर कोंड्यांनी त्या पावसाळ्यात तिथं साथीचा वॉर्ड मांडला होता. कॅनव्हासच्या खाटा, खाटांना मधोमध भोक आणि खाली बादली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. ओढ्याविहिरींना गढूळ पाणी आलं आणि वेल्ह्याच्या डोंगरापासून नीरेच्या पुलापर्यंत गावोगाव साथ पसरली.

अशा रोग्याला शिरेतून सलाईन द्यायचं, एवढा एकच इलाज त्या वेळी इकडं माहीत होता. पण बाटल्या यायच्या पुण्याहून, आणि माणसं मरायची डोंगरात. डॉक्टर कोंड्यांना बघायचं होतं ते असं की, रोगी शुद्धीवर येण्यापुरतं सलाईन देऊन पुढं मीठ, साखर आणि सोडा घातलेलं पाणी तोंडानंच पाजलं तर तो तगतो का. घरच्या माणसांना विचारून ते एका रोग्याला सलाईनच चालू ठेवत, पुढच्याला पाणी सुरू करत. किती पाणी पोटात गेलं, किती बाहेर पडलं, सगळं मोजून सिस्टर लिहून ठेवी. पाणी पाजायला माणूस हवं होतं. चमच्या-चमच्यानं, न कंटाळता, रोगी ओकला तरी पुन्हा. त्यासाठी रतनबाईला ठेवलं होतं.

बाकीच्या आया अर्ध्या तासात मान मोडल्याची कुरकुर करायच्या. रतनबाई उठायचीच नाही. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुमच्यासारखा धीर माझ्याकडं नाही." ती पुढचा चमचा भरायची. धीर कुठला आणि काय, हे तिचं तिला ठाऊक होतं.

ती मूळची भोरचीच. दिली होती गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीत, सर्जेरावाला. राजगडाच्या पायथ्याची भातखाचरं, दोन बैल, खाऊन-पिऊन बरं घर. फुला ही एकच मुलगी. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात फुलाला जुलाब-उलट्या लागल्या. चार वर्षांची पोर. सासू अक्काबाई म्हणाली, पाणी दिलं की पोटातलं आणखी ढवळतं, पाणी बंद करा. आजूबाजूच्या बायांनी तेच सांगितलं. गावातल्या औषधवाल्यानंही तेच सांगितलं. रतनबाईनं माठ उचलून परसात नेऊन ठेवला. पोर "आये, पानी" म्हणत राहिली. मग बोलायची थांबली आणि भिंतीला ओल आली होती तिथं सरकत गेली. त्या ओलीला जीभ लावायला लागली. रतनबाईनं तिला तिथूनही ओढून मांडीवर घेतलं.

दुपार टळायच्या आत फुला गेली.

त्यानंतर रतनबाई त्या घरात फार दिवस राहिली नाही. भांडण झालं नाही, कुणी घालवलंही नाही. माहेरी म्हणून आली ती राहिलीच. सर्जेरावानं दोनदा येऊन बघितलं, मग दुसरं लग्न केलं. भाऊ होता तोवर तिनं भावाकडं दिवस काढले, मग लोकांच्यात भांडी घासली. फुला देवानं नेली, असं ती मनाला सांगत आली होती, आणि तेवढ्यावर ती जगत आली होती.

वॉर्ड सुरू झाला त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या आयांना समोर बसवून सांगितलं, "यात माणूस जुलाबानं मरत नाही. अंगातलं पाणी संपतं म्हणून मरतो. पाणी तोडणं म्हणजे त्याला हातानं मारणं." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. रतनबाई उठून बाहेर गेली आणि गोदामाच्या ओट्यावर बसून राहिली. सिस्टरला वाटलं, हिला वासानं मळमळलं.

मग रोज माणसं उठून बसू लागली. पाण्यावर ठेवलेली माणसं सलाईनवाल्यांइतकीच बरी होत होती. चिमाजीही आणला त्याच दिवशी संध्याकाळी भाकरी मागायला लागला आणि सखूबाई रतनबाईच्या पाया पडली. डॉक्टरांना आनंद आवरेना. "बघितलंत ना रतनबाई? साधं पाणी हो, साधं पाणी!"

"व्हय," ती म्हणायची. खाटेवरचं प्रत्येक माणूस हिंडूफिरू लागलं की तिच्या छातीवर आणखी एक धोंडा चढायचा.

आषाढ संपता संपता एका सकाळी दारात गलका झाला. एका माणसानं म्हातारीला पाठीवर घेऊन आणलं होतं. त्याचे केस पिकले होते, पण रतनबाईनं त्याला चालीवरून ओळखलं. सर्जेराव होता. पाठीवर अक्काबाई.

सर्जेरावानं तिला बघितलं आणि तो जागीच थबकला. "तू हितं?"

"खाटंवर ठिवा त्येंना," रतनबाई म्हणाली. "आदी खाटंवर ठिवा."

नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी सलाईन जोडलं. ऊन गोदामाच्या दारात आलं तेव्हा म्हातारीनं डोळे किलकिले केले. तिच्या आधीचा रोगी सलाईनवर होता, म्हणजे तिला पाणी द्यायचं. डॉक्टरांनी सर्जेरावाला विचारलं. त्यानं रतनबाईकडं बघत मान हलवली. सिस्टरच्या कानावर नातं गेलं होतं. ती हळूच म्हणाली, "रतनबाई, दुसऱ्या कुणाला बसवू का?"

"नगं. मीच पाजते."

पहिले काही चमचे अक्काबाई मुकाट्यानं प्यायली. तिला नीट दिसत नव्हतं. मग रतनबाई "आत्याबाई, त्वांड उघडा" म्हणाली आणि म्हातारीचे ओठ मिटले. म्हातारी रतनबाईच्या तोंडाकडं निरखून बघत राहिली.

"रतन?"

"व्हय."

"ह्ये काय पाजतीस?"

"पानी. मीठ-साखर घातल्यालं."

"पानी," म्हातारी म्हणाली. ओल्या ओठांवरून तिनं जीभ फिरवली. "ह्यानं मानूस जगतं?"

रतनबाईनं चमचा पुढं केला. अक्काबाईनं तोंड फिरवलं.

"माजं कशापायी ऐकलंस गं तवा?" ती म्हणाली. "तू आई व्हतीस तिची. मला ढकलून द्यायचंस. चोरून पाजायचंस."

रतनबाईला वाटलं, आता आपण उठून जावं. इतकी वर्षं तिनं मनातल्या मनात या बाईला जाब विचारला होता. त्या सगळ्या जाबांत हा एक प्रश्न नव्हता.

"तुमी सांगितलं म्हनून," ती म्हणाली. "तुमी पोरीचं वाईट कशाला चिंतशीला?"

म्हातारीनं डोळे मिटले. "मला माज्या सासूनं सांगितलं व्हतं. माजं दोन ल्योक असंच गेलं, सर्जेरावाच्या आदी. त्येंनाबी म्या न्हाई दिलं."

हे रतनबाईला ठाऊक नव्हतं. त्या घरात ती सात-आठ वर्षं नांदली, पण त्या दोन मुलांचं नाव कुणी कधी काढलं नव्हतं. तिनं चमचा वाटीत ठेवला. पलीकडच्या खाटेखालची बादली कुणीतरी बदलून नेली. मग रतनबाईनं पुन्हा चमचा भरला, म्हातारीच्या मानेखाली हात घातला आणि म्हणाली, "त्वांड उघडा, आत्याबाई." अक्काबाईनं उघडलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रतनबाई त्या खाटेपासून हलली नाही. म्हातारी ओकली की ती पुसायची, थांबायची, पुन्हा पाजायची. तिसऱ्या दिवशी अक्काबाई उठून बसली, पेज प्यायली. डॉक्टर येऊन खूश होऊन गेले.

ते गेल्यावर सर्जेराव खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. टोपी काढून तो बोटांनी चुरत होता.

"रतन, येक इचारू?"

"इचारा."

"आपल्या फुलीला... तवा पानी दिलं असतं, तर ऱ्हायली असती का गं?"

अक्काबाईचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. रतनबाईनं दोघांकडं बघितलं. याचं उत्तर त्या गोदामात रोज तिच्या डोळ्यांदेखत उठून बसत होतं. फुलाएवढी किती पोरं तिनंच चमच्यानं उठवली होती. आणि हा माणूस आता इथून जाणार, दुसऱ्या बायकोची मुलं सांभाळणार, या म्हातारीच्या हातची भाकरी खाणार.

"न्हाई," ती म्हणाली. "तिचं लई वाढलं व्हतं. पान्यानं काय झालं नसतं."

सर्जेरावानं मोठा श्वास सोडला आणि टोपी डोक्यावर घातली. "म्यापन त्येच म्हनत व्हतो," तो म्हणाला आणि एस.टी.ची वेळ विचारायला डेपोकडं गेला.

अक्काबाई रतनबाईकडं बघत होती. तिनं रतनबाईचा हात धरला. सोडला तो लेक परत आल्यावरच.

म्हातारीला चालवत नव्हतं. सर्जेरावानं तिला पुन्हा पाठीवर घेतलं आणि तो गोदामाचा ओटा उतरला. डेपोकडं जाणारी वाट चिखलानं भरली होती. अक्काबाईच्या लुगड्याचा पदर सुटून मागं लोंबत होता, चिखलातून फरफटत चालला होता. दोघांनाही ते कळलं नव्हतं.

रतनबाई ओट्यावरून उतरली आणि झपाझप त्यांच्यामागं गेली. तिनं पदर उचलला, मुठीत धरून चिखल पिळून काढला आणि म्हातारीच्या पाठीवरून घेऊन कमरेला नीट खोचला. सर्जेराव क्षणभर थांबला. मग तो चालू लागला, आणि ते वळणाआड जाईपर्यंत रतनबाई चिखलाचे हात अंगापासून लांब धरून वाटेतच उभी राहिली.