अर्ध्या सँडविचचा दंड

अमेरिकन फुटबॉल, तो शिरस्त्राण घालून खेळायचा, मला कधीच आवडला नाही. आमच्या कॉलेजात ग्रंथालयाचं छप्पर गळतं आणि मैदानावरचा व्हिडिओचा पडदा मात्र दर काही वर्षांनी आणखी मोठा होतो. निवृत्तीनंतर मी खेळाडूंना गणित शिकवायला गेले, ते केवळ घरात करमेना म्हणून.

तिथं डेल्विन टिब्स भेटला. दारात मावणार नाही एवढा मुलगा, पण अपूर्णांक दिसला की त्याला घाम फुटायचा. त्याच्या खेळावर कॉलेज गल्ला भरायचं, बदल्यात त्याला फी माफ. एकदा सरावाहून उपाशी आला, म्हणून मी माझं अर्धं अंड्याचं सँडविच त्याच्यापुढं सरकवलं. झालं, नियम मोडला. शिक्षकांनी खेळाडूला काहीही द्यायचं नसतं. त्या सँडविचची किंमत त्यानं धर्मादाय संस्थेला दिल्याशिवाय त्याला मैदानात उतरू देईनात.

"बाई, तुमचं अंडं चांगलंच महागात पडलं," तो म्हणाला.

"गप बस आणि पुढचं गणित सोडव," मी म्हटलं. रागानं माझे कान तापले होते.

पुढं नियम बदलले. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली. डेल्विन गावातल्या गाडीविक्रेत्या रस्टी कोलच्या जाहिरातीत झळकला आणि त्याच्याच दुकानातला कोरा पिकअप ट्रक घेऊन शिकवणीला आला. सँडविच गुन्हा आणि ट्रक कायदेशीर. मी कपाळाला हात लावला.

शेवटच्या वर्षी एका बड्या कॉलेजचं त्यांच्याकडून खेळायचं बोलावणं आलं. मोसम संपताच या, म्हणाले. पैसा इतका की त्याच्या आईला, व्हर्लीनला, इस्पितळातल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या नसत्या. पण इथले निम्मे विषय तिथं धरणार नव्हते. पदवीवर पाणी सोडावं लागलं असतं.

"बाई, काय करू?"

"आईला विचार."

'जाऊ नकोस' अगदी ओठांवर आलं होतं. पण चादरी काही मी धुतल्या नव्हत्या.

आमच्याकडं घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी निरोप असतो. पदवी घेऊन निघणारी मुलंच त्यात चालतात, आईबापांना घेऊन, आणि आईला पिवळी शेवंती देतात. दुसरीकडं जाणारा त्यात चालत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिकीट काढलं आणि अगदी खालच्या रांगेत जाऊन बसले.

"आजचा निरोप, रस्टी कोल ट्रक्सच्या सौजन्यानं," भोंगा ओरडला. निरोपालाही प्रायोजक लागतो, मी पुटपुटले. एकेक नाव पुकारलं जात होतं. डेल्विनचं येईना.

मग तो आला. एका हाताशी आई, दुसऱ्या हातात शिरस्त्राण आणि दोन शेवंत्या. थेट माझ्यासमोरच्या कठड्याशी थांबला.

"बाई, खाली या."

"मी कशाला? नियमात बसतं का?"

"विचारून आलोय. खेळाडूनं शिक्षकाला काही द्यायला बंदी नाही."

गुडघे कुरकुरत होते, तरी उतरले. व्हर्लीननं माझा हात धरला.

"मीच म्हटलं त्याला, पुरं करूनच नीघ," ती म्हणाली. "ताई, पहिलं गणित सुटलं ना, तेव्हा यानं मला कामावर फोन केला होता. पहिला सामना जिंकला तेव्हा नव्हता केला."

ज्या खेळाला मी जन्मभर नावं ठेवली, त्यानंच हा मुलगा माझ्या टेबलाशी आणून बसवला होता. त्या दिवशी मी त्या खेळाचेही मनापासून आभार मानले.

तिघं मैदानाच्या मधोमध पोचलो. शेवंती माझ्या हातात देऊन डेल्विननं शिरस्त्राणातून कागदाची पुडी काढली.

"आता हे काय?"

"अंड्याचं सँडविच. आईनं केलंय. अर्धं मी खाल्लं, बाई. अर्धं तुमचं."

एवढ्या गर्दीसमोर, त्या अवाढव्य पडद्यावर, मी ते उभ्यानंच खाल्लं.