बंगल्याची रंगीत खिडकी

“फीत ताणून धर. सैल पडली की माप चुकतं.”

“धरलीय.”

“धरलीय म्हणतेस, आणि मधे झोळ बघ केवढा पडलाय.”

भाचीने फीत ओढली. सकाळपासून दोघींचे हे असेच चालले होते. बाई माळ्याच्या जिन्याकडच्या टोकाला, भाची पलीकडच्या भिंतीपाशी, आणि मधे जुन्या फळ्यांची करकरणारी जमीन.

बंगला राष्ट्रीय उद्यानाच्या पार आत होता. जंगल राखणाऱ्या साहेबांसाठी कोणे एके काळी बांधलेला. उद्यानातल्या अशा जुन्या इमारतींची मापे घ्यायची, नकाशे काढायचे आणि जमेल तेवढे जपायचे, हे बाईंचे काम. हाताखाली दर हंगामाला दोन-तीन शिकाऊ पोरे यायची. यंदा त्यांत धाकट्या बहिणीची मुलगी होती. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती घरी बसली होती. “तुझ्या भरवशावर पाठवतेय गं,” बहीण फोनवर म्हणाली होती. बाईंना नाही म्हणता आले नव्हते.

आज सकाळी चहा पितापिता भाचीने सांगून टाकले होते, “मी रविवारी घरी जाते. मला नाही जमत हे.”

“काय नाही जमत?”

“हेच सगळं. इथे येणारंय कोण बघायला? आणि तुला ना मावशी, माणसांपेक्षा भिंतीच जास्त प्रिय आहेत.”

बाईंनी कप खाली ठेवला होता आणि फीत उचलली होती. उरलेले दोघे शिकाऊ वनरक्षकाच्या चौकीवरून गाडी धरून चुना आणायला गावात गेले होते. त्यामुळे बंगल्यात या दोघीच उरल्या होत्या, आणि अबोला दुप्पट जड झाला होता.

खाली दार वाजले.

“आले वाटतं चुना घेऊन,” भाची म्हणाली.

“एवढ्यात कसे येतील?”

खालच्या दिवाणखान्यात काहीतरी आपटले. दोघींचे डबे मेजावर होते, ते जमिनीवर पडल्याचा आवाज बाईंनी ओळखला. मग फुरफुर ऐकू आली. बाईंनी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिले आणि तशाच दोन पावले मागे सरल्या.

“हलू नकोस,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. “अस्वल आहे.”

दार आत उघडणारे होते. अस्वलाने ते ढकलले, आणि ते आत शिरल्यावर दार स्वतःच्याच वजनाने मागे फिरून बंद झाले. वरून खिटी पडली. ती खिटी बाईंनीच महिन्यापूर्वी दुरुस्त करून घेतली होती. एवढ्याने काही बिघडले नसते. खाऊन झाल्यावर ते धूड कुठेतरी कोपऱ्यात बसले असते, कुणीतरी बाहेरून येऊन वाट करून दिली असती. पण बाहेरून एक बारीक रडका आवाज आला. पिल्लू बाहेर राहिले होते.

आईने डबा टाकला आणि दारावर झेप घेतली.

सबंध बंगला हादरला. बाईंनी कमरेची वॉकीटॉकी काढली, आवाज कमी केला आणि चौकीला हाक दिली. वनरक्षक लगेच बोलला. त्याचा आवाज नेहमीसारखा संथ होता, आणि त्याच्या संथपणानेच बाईंना धीर आला. “निघालोच, बाई. वरच थांबा. आवाज करू नका.”

चौकी जवळच होती, पण खाली अस्वलाला तेवढाही दम नव्हता. मादी दारावरून भिंतीवर, भिंतीवरून खांबांवर आदळत होती. माळा ज्या खांबांवर उभा होता त्यांतला मधला वाळवीने पोखरलेला होता, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना तात्पुरते टेकू दिले होते. तिच्या धक्क्याने एक टेकू निसटला. बाई आणि भाची यांच्यामधली जमीन वीतभर खाली बसली. फळ्यांच्या फटींतून धूळ उडाली.

“मावशी.”

“भिंतीला चिकटून उभी राहा. तिथे खाली दगड आहे, तो नाही हलायचा.”

“मी येते तिकडे.”

“नको. मधल्या फळ्यांवर पाय टाकू नकोस. माझ्याकडे बघ. खाली नको, माझ्याकडे.”

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. फीत अजून तिच्या हातात होती आणि मुठीतून सुटत नव्हती.

गाडीचा आवाज आला, लांबच थांबला. वॉकीटॉकी खरखरली. “बाई, दाराने काही होत नाही. ती आतून अंग टाकतेय, दार उघडणार कसं? फटाके लावले तर आणखी बिथरेल, पिल्लू इथंच आहे. भुलीचं इंजेक्शन देणारे डॉक्टर दुपारशिवाय येत नाहीत.”

“दुपारपर्यंत माळा राहणार नाही.”

“दिसतंय मला. बाकीच्या खिडक्यांना गज आहेत. एक तेवढी मोठी खिडकी आहे. चौकटीला दोर बांधतो आणि गाडीनं ओढून काढतो. समोर वाट मोकळी झाली की ती पिल्लाकडे जाईल. पण तुम्ही सांगायला पाहिजे.”

बाईंनी वॉकीटॉकीच्या बटणावर बोट ठेवले, पण दाबले नाही.

इतकी वर्षे त्यांनी इमारती नुसत्या कागदावर उतरवल्या होत्या. मापे घेऊन त्या परत जायच्या, आणि मागाहून कळायचे की छप्पर बसले, भिंत गेली, दगड कुणी उचलून नेले. त्यांची कितीतरी घरे आता फक्त नकाशांच्या कपाटात उभी होती. ही खिडकी तेवढी त्यांनी वाचवली होती. निळ्या-पिवळ्या काचांची, पुरुषभर उंचीची. शिकाऊ पोरांना घेऊन एकेक काच सोडवली, धुतली, पुन्हा बसवली. फुटलेल्यांच्या जागी तसाच रंग मिळेपर्यंत त्या कारागिरांचे उंबरे झिजवत फिरल्या. शेवटची काच बसली त्या दिवशी सकाळचे ऊन दिवाणखान्याच्या फरशीवर सांडले, आणि बाई पोरांकडे पाठ करून बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या खिडकीचे गज कापता येतील का? कापायला वेळ किती लागेल? पण ती खिडकी लहान, मादीचे अंग मावणार नाही. मग दार बिजागऱ्यांसकट...

खालून पुन्हा धक्का बसला. उरलेला टेकू कण्हल्यासारखा वाजला. बाईंनी मान वर केली. भाची त्यांच्याकडेच बघत होती. सांगितले होते तशी, फक्त त्यांच्याकडे.

“बाई? ऐकू येतंय ना?”

“तोडा,” बाई म्हणाल्या.

दोर बांधायला वनरक्षक पोटावर सरपटत भिंतीपर्यंत आला असावा. वरून काही दिसत नव्हते. मग गाडी गुरगुरली, दोर ताणला गेला, लाकूड कडकडले, आणि सगळी खिडकी एकदम बाहेर गेली. काचांचा आवाज बाईंना वाटला होता त्याहून लहान झाला. काळे धूड उजेडाकडे वळले, चौकटीच्या भगदाडातून बाहेर पडले. पिल्लाचे रडणे थांबले. झाडीत काटक्या मोडत गेल्या, दूर गेल्या.

वनरक्षकाने आत येऊन आधी टेकू उभा केला, मग मधल्या जागेवर शिडी आडवी टाकली. तिच्यावरून रांगत भाची अलीकडे आली. बाईंनी तिला दंडाला धरून उभे केले. मिठी मारावी असे दोघींनाही वाटले असेल, पण सवय नव्हती. बाईंनी तिच्या केसांतली धूळ झटकली.

“लागलं कुठे?”

“नाही.”

“मूठ उघड. बोटं आखडलीत बघ.”

दुपारी चुना घेऊन आलेल्या पोरांनी काचा वेचल्या. सगळ्या नव्हत्या फुटल्या. पण चौकट उभी चिरली होती, आणि तसे जुने लाकूड पुन्हा मिळणार नव्हते. वारा थेट आत येत होता, म्हणून बाई ताडपत्री घेऊन शिडीवर चढल्या. भाचीने खालून टोक धरून दिले. मग तिचा फोन वाजला. ती भगदाडाच्या पलीकडे, जिथे जरा रेंज मिळायची तिथे, जाऊन उभी राहिली. बहिणीला चौकीवरून बातमी कळली होती.

“अगं आई, रडू नकोस ना. काही नाही झालं मला... हो, आत आलं होतं... एक खिडकी तुटली फक्त.” ती ऐकत राहिली. “हो, तीच. मावशीची.”

ताडपत्रीच्या आड बाईंची हातोडी थांबली.

“मग काय करणार होती? लगेच सांगितलं तिने तोडायला. वनरक्षकानं विचारलं आणि हिने सांगितलं. विचारसुद्धा केला नाही.” थोडे थांबून ती म्हणाली, “नाही, रविवारी नाही येत. इथलं आवरायचंय सगळं.”

बाईंच्या ओठांत तीन खिळे होते. त्यांतला एक त्यांनी काढला, ताडपत्रीच्या काठावर टेकवला, आणि भाचीचे बोलणे संपेपर्यंत हातोडी न मारता त्या तशाच शिडीवर उभ्या राहिल्या.