दुसरी किल्ली

दादाजी लोहाराची एक खोड सगळ्या इतवारी पेठेला ठाऊक होती. कुलूप कोणाचंही असो, तो दुसरी किल्ली करून देत नसे. कुलूप बिघडलं, आणा. किल्ली हरवली, कुलूप घेऊन या. पण एक किल्ली हातात असताना जोडीची मागणारा माणूस त्याच्या लेखी अर्धा चोर. मालकाची चिठ्ठी आणा, म्हणायचा आणि भात्याकडे तोंड फिरवायचा. या नियमाचा त्याला भारी ताठा होता, आणि खरं सांगायचं तर त्या ताठ्यापायी कितीतरी भली माणसं दुकानाच्या पायरीवरून अपमान गिळून परत गेली होती.

१९१८ साली दसरा कधी आला नि कधी गेला, ते नागपुरात कोणाला कळलं नाही. मानमोडीच्या तापाने घरंच्या घरं आडवी केली होती. त्यातच दादाजीची एकुलती लेक गोपिका बाळंतपणाला माहेरी आलेली. महाल भागातल्या बायकांच्या दवाखान्यात ती दोन दिवसांपासून अडून पडली होती. अंगात ताप, मूल वाटेत अडकलेलं. आई रंभाबाई तिचे पाय चोळत बसली होती.

सकाळी डॉक्टरीण पुष्पलताबाईंनी दादाजीला आत बोलावलं. भिंतीत बसवलेलं एक पोलादी विलायती कपाट त्यांनी दाखवलं.

"मूल काढायची हत्यारं यात आहेत. क्लोरोफॉर्मही यातच. किल्ली आमचे कंपाउंडर वामनराव यांच्याकडे असायची, आणि वामनराव परवा तापाने गेले. मोठ्या इस्पितळात माणूस पाठवला होता, तिथं व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. कोणी काही देत नाही. तुम्ही कुलपांचं काम करता ना?"

"फोडतो ना, बाई!" दादाजीने घण उचललाच.

"दाराला आतून फळी आहे, तिच्यावरच बाटल्या आहेत. एक दणका बसला की सगळ्या फुटतील. भूल दिल्याशिवाय मला हात लावता येणार नाही तिला."

दादाजीने घण खाली ठेवला. तार घालून पाहिली. आत सात पट्ट्या होत्या, एक उचलली की दुसरी पडायची. भोक पाडायचं तर संध्याकाळ होणार. बाई म्हणाल्या, दुपारपर्यंतच काय ते. मग तो कुलपाच्या तोंडाशी वाकला. छिद्र तीन कोनी होतं.

असली किल्ली त्याने जन्मात एकदाच हातात धरली होती. दांडी तीन कोनी, दोन्ही अंगांना पायऱ्या पाडलेले दात, मुठीवर छोटं कमळ. मागच्या दिवाळीआधी एक सडपातळ बामण ती घेऊन आला होता. सदऱ्यात हात घालून जानव्यातून त्याने ती सोडवली आणि अदबीने म्हणाला, एकच आहे हो, माझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर दवाखाना अडेल, एक जोडीची करून द्या. दादाजीने ती उलटीपालटी करून पाहिली, कारागिरीवर खूश झाला आणि परत दिली. चिठ्ठी आणा. बामणाचा चेहरा उतरला. पुन्हा काही तो आला नाही.

वामनरावांचं घर दवाखान्याच्या मागेच होतं. त्यांची बायको जिजाबाई घोंगडी पांघरून ओसरीत पडली होती. तिचाही ताप उतरला नव्हता.

"किल्ली त्यांच्या जानव्यालाच होती," ती म्हणाली. "आंघोळीलाही काढायचे नाहीत. मला उठवत नव्हतं. भाड्याची माणसं आली, भीतीने कोणी अंगाला हात लावेना, तसेच उचलून नेले. माझ्या लक्षात आलं तेव्हा चिता पेटली होती." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इतवारीतले का? ते तुमच्याकडेच आले होते. घरी येऊन म्हणाले, लोहाराने मला चोर ठरवलं. हसत म्हणाले, पण जेवले नाहीत त्या दिवशी."

दादाजीला मान वर करवेना. "माई, मले राख चाळू द्या. माझी पोरगी आहे तिथं."

"चाळा. आम्हाला मूलबाळ नाही, अस्थी वेचायला कोणी जाणार नाही. तेवढ्याही घेऊन या."

नागनदीच्या घाटावर लाकडं संपत आली होती. एकेका सरणावर दोन-दोन मढी ठेवत होते. लाकूडवाल्याने बोटाने राखेचा एक ढीग दाखवला. वरून पांढरा, आत अजून ऊब. लोहाराने बामणाची हाडं वेचायची, हे एरवी कोणी चालवून घेतलं नसतं. आज बघायलाही कोणाला फुरसत नव्हती. दादाजी गुडघ्यावर बसला आणि बोटांनी राख चाळू लागला. हाड लागलं की मडक्यात, कोळसा लागला की बाजूला. तो पुटपुटत होता, "वामनराव, द्या गा. एक डाव द्या."

छातीच्या जागी ती सापडली. काळी पडलेली, वाकलेली, वर खपली धरलेली. त्याने धोतराने पुसली. कमळ ओळखू आलं.

जशीच्या तशी ती चालणार नव्हती, हे त्याला हातात धरताच कळलं. आगीतून निघालेलं लोखंड मऊ पडतं. सात पट्ट्या उचलताना ते कुलपात पिळून तुटलं असतं, मग सगळंच संपलं. मडकं त्याने घाटावरच्या पिंपळाला टांगलं आणि दुकानाकडे धाव घेतली.

खपली झाडून एकेक पायरी त्याने नखाने मोजली. चांगल्या पोलादाचा तुकडा शिकंज्यात धरला आणि कानस चालवू लागला. घाई केली की दात बिघडतो, म्हणून हात सावकाश आणि जीव पुढे पळतोय. शेजारच्याने हाक मारली, त्याने ओ दिली नाही. शेवटचा दात झाला तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता.

दवाखान्यात शिरला तो थेट कपाटाशी. किल्ली घातली. पट्ट्या एकामागून एक उचलल्या गेल्या आणि दार अलगद उघडलं. एकही बाटली हलली नाही.

"बाई, उघडलं! या लवकर!"

पुष्पलताबाई दारात उभ्या होत्या. हत्यारं घ्यायला त्या पुढे आल्या नाहीत. त्यांच्या मागून रंभाबाई आली, भिंत धरून.

"काहून ओरडून राहिले, अजी?" ती म्हणाली. "ते तर मघाच गेली. तुमाले हाका मारत गेली."

दादाजीने कपाटाचं दार लावलं. मग तिथंच, जमिनीवर, पोरासारखा मोठ्याने रडला.

गोपिकेला त्याच घाटावर नेलं. परत येताना त्याने पिंपळाचं मडकं उतरवलं आणि जिजाबाईच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीतल्या लोकांना त्याच्या दुकानातून कानशीचा आवाज ऐकू आला. घरात सुतक, आणि हा कामाला बसलाय, म्हणून त्यांनी नावं ठेवली. दहाच्या सुमारास तो दवाखान्यात आला. कपाटाशेजारी भिंतीत त्याने एक खिळा ठोकला आणि त्यावर कोरी करकरीत किल्ली अडकवली. तीन कोनी दांडी, मुठीवर कमळ.

"दादाजी, काल केलेली आहे माझ्याकडे," पुष्पलताबाई हळूच म्हणाल्या. "ही दुसरी कशाला? मी तर मागितली नव्हती."

"वामनरावांनी मांगतली होती, बाई," तो म्हणाला. "मागच्या साली. मीच देल्ली नाई."