अठ्ठावीस किलोंचं काचेचं छत

मुकनं दोन वर्षं खपून नव्या गाडीचं अकरा किलो वजन उतरवलं होतं. थायलंडमधल्या रायोंगच्या मोटार कारखान्यात तिचं कामच ते. सीटखालची पट्टी बारीक केली, बिजागऱ्यांना भोकं पाडली, माल पुरवणाऱ्यांशी ग्रॅमग्रॅमवरून भांडली.

आणि मंगळवारच्या बैठकीत विक्री विभागाचा थानेत म्हणाला, "छत अख्खं काचेचं करू. शोरूममध्ये लोक आधी वर बघतात."

"अठ्ठावीस किलो वाढतील," मुक म्हणाली. "वर ओझं आलं की खांब जाड. मग ब्रेक मोठे, चाकं रुंद. एवढं सगळं ओढायला बॅटरी मोठी आणि ती पेलायला पुन्हा तळ जाड. शंभराच्या खाली थांबायचं नाही हे!"

"तू तराजू घेऊनच जन्मलीस ना गं?" थानेत हसला. बाकीचेही हसले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

शनिवारी मुकच्या आईला अपघात झाला. आई, साअदबाई, बान फे या किनाऱ्यावरच्या गावच्या बाजारात सुकी माकुळं विकायची. तिची गाडी जुनी, छोटी, पत्र्याच्या डब्यासारखी. समोरून वळणावर आली ती अडीच टनांची गाडी, मुकच्याच कारखान्यातली. आईची मांडी दोन ठिकाणी मोडली. त्या गाडीतल्या माणसाचा चष्मासुद्धा नाकावरून हलला नाही.

तो इस्पितळात मँगोस्टीन फळांची टोपली घेऊन आला. "तुम्ही तिथेच काम करता म्हणे? मानलं बुवा तुमच्या गाडीला! मला ओरखडाही नाही."

मुकनं टोपली घेतली आणि त्याच्या देखत कचऱ्याच्या डब्यात उलटी केली.

पुढच्या मंगळवारी तिनं आईच्या गाडीचं चेपलेलं दार उचलून आणलं आणि बैठकीच्या टेबलावर आदळलं. चहाचे कप कलंडले.

"आपण चाचणीत गाडी भिंतीवर आदळतो आणि सुरक्षेचे पाच तारे मिळाले म्हणून टाळ्या पिटतो! रस्त्यावर समोर भिंत नसते, थानेतदादा. माझी आई असते! तिचे तारे कोण मोजणार?"

मग थानेत हळूच म्हणाला, "वाईट झालं, मुक. खरंच. पण सगळेच जड गाड्या काढतायत. आपण हलकी काढली तर गिऱ्हाईक म्हणेल, हिच्यात काय मरायला बसू?"

मुकनं वाढीव वजनाच्या कागदावर सही केली नाही. तिच्या हाताखालच्यानं केली. छत मंजूर झालं.

रागानं धुमसत ती इस्पितळात पोचली आणि सगळं आईला सांगितलं. पाय टांगलेल्या अवस्थेत आई मुकाट्यानं ऐकत होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "आता माझं ऐक. मला पुन्हा गाडी घेऊन रस्त्यावर पाठवणार असशील, तर त्या मेल्याच्या गाडीएवढी गाडी घे. त्याहून मोठी मिळाली, तर मोठीच घे."

मुकला थानेतचं ते गिऱ्हाईक आठवलं. आईवर तरी ओरडायचं कसं?