आधी बोलेल त्याचं डुक्कर

माझी लेक सावाई आणि तिचा नवरा रेंगी यांना एकमेकांपासून सुटायचं होतं, हे आमच्या लांबघरातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. पण तोंडाने ते म्हणायला दोघांपैकी एकही तयार नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी आहे. नवराबायकोत जो आधी 'मला नको' म्हणेल, ठपका त्याच्यावर. दंडाचं डुक्कर त्याने द्यायचं, वर घरातला एक जुना रांजणही समोरच्याला द्यायचा. डुकराचं एवढं काही नाही हो, पण मग जन्मभर नदीच्या दोन्ही काठांना 'हिनेच मोडलं' म्हणून ऐकून घ्यायचं. ते कोण ऐकून घेईल?

म्हणून दोघं गोड वागायला लागली. इतकी गोड की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. सावाई माशात मूठभर मीठ टाकायची, रेंगी ताट पुसून खायचा आणि 'छान झालंय' म्हणायचा. रेंगीने आपले झुंजीचे कोंबडे आणून तिच्या अंथरुणाशी बांधले, तर ही बया त्यांना स्वतःच्या हाताने दाणे टाकायला लागली. आमच्या फळ्यांच्या भिंती, एका छपराखाली सगळी बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एकच लांबलचक ओसरी. इथे कुणी शिंकलं की तिसऱ्या बिऱ्हाडातून 'बरं आहे ना?' येतं. आधी कोण बोलतंय यावर लोकांनी पैजा लावल्या होत्या. माझ्या भाच्यानेही लावली होती, त्याला मी झाडू घेऊन ओसरीभर पळवला.

दोघांत मोठं असं बिनसलं नव्हतं. सावाईला मिरी शहरात, तिच्या मुलीकडे जाऊन राहायचं होतं. रेंगीला नदी सोडून श्वास येत नाही. एकमेकांना आपापल्या बाजूला ओढून ओढून दमली होती बिचारी.

आणि मला जावई सोडायचा नव्हता. खरं सांगायला लाज कसली? लेक माझ्या पोटची, पण तिच्याशी दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला ठिणगी पडते. रेंगी मला सुपारी कुटून देतो, कारण मला दात नाहीत. माझ्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकतो. तो गेला की लेक मला मिरीला नेऊन चौथ्या मजल्यावर ठेवणार, खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली पँट बघायला. म्हणून मी दोघांच्या मध्ये पडून सारखी सारवासारव करत होते.

शेवटी सावाई होडीने सिबू शहराला गेली आणि एका वकिलाला भेटून आली. त्याने सांगितलं, कोर्टात जा, चूक कुणाची ते सिद्ध करा, साक्षीदार आणा. आमचा मुखिया उंतान, म्हणजे माझा चुलतभाऊ, हे ऐकून भडकलाच. साक्षीला सगळं लांबघर सिबूला न्यायचं तर भात कोण कापणार? आणि आपल्या ओसरीवरचं बोलणं आपल्या ओसरीवर मिटलं नाही, तर लोकांना तोंड काय दाखवायचं? रविवारी प्रार्थना आटोपली की सगळ्यांनी इथेच बसायचं, असं त्याने सांगून टाकलं.

रविवारी दुपारी चटया पसरल्या, तांदळाच्या दारूची वाटी फिरली. लग्न मोडायची मागणी कुणाची आहे, उंतानने विचारलं. कुणी बोलेना. सावाईला तक्रार विचारली तर म्हणे काही नाही, माणूस चांगला आहे. रेंगीला विचारलं तर म्हणे बायको गुणाची आहे. उंतानने एक वाटी रिचवून परत विचारलं, परत तेच. मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. मग मी इथे झक मारायला बसलोय का, असं उंतान म्हणाला.

मला आतून बरंच वाटत होतं. असंच फिसकटू दे, माझी उरलेली वर्षं निघतील. मग माझं लक्ष रेंगीकडे गेलं. 'गुणाची आहे' म्हणताना तो स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होता. खांद्याची हाडं वर आली होती. आणि सावाई चटईचे धागे उपसत बसली होती. माझी तोंडाळ लेक किती दिवसांत माझ्याशीसुद्धा भांडली नव्हती, हे मला तेव्हा उमगलं. दोन धडधाकट माणसं वाळत चालली होती, आणि मी माझ्या सुपारीपायी त्यांना तसंच धरून ठेवलं होतं. माझीच मला चीड आली.

"मी मागते," मी म्हटलं. "मोडा हे लग्न. मला नको."

उंतान म्हणाला, "अक्का, लग्न तुझं नाही."

"माझ्या बिऱ्हाडात आहे ना? डुक्कर माझं, रांजण माझा. सासूने मोडलं म्हणून सांगा नदीभर. तसंही सासवांबद्दल कोण चांगलं बोलतं?"

ओसरी हसून हसून लोळली. उंतानने म्हाताऱ्यांशी कुजबूज केली आणि ठपका माझ्या नावावर लावला. पुढचं भराभर मिटलं. काळ्या मिऱ्यांचा मळा तिला, होडी आणि कोंबडे त्याला. उलट 'तूच घे, तूच घे' करून दोघांनी उंतानचं डोकं उठवलं. सावाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग उंतानने रेंगीला विचारलं, आता जाणार कुठे? रेंगी म्हणाला, नदीच्या वरच्या अंगाला, भावाकडे, उद्याच निघतो.

वरचं गाव म्हणजे दिवसभराची होडी. लोक उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "माझं झालेलं नाही. मला मुलगा नाही. मी रेंगीला दत्तक घेते."

आमच्याकडे मोठ्या माणसालाही दत्तक घेतात, त्यात नवल नाही. पण उंतानच्या हातातली वाटी कलंडली आणि सावाई ताडकन उभी राहिली.

"आई, अगं तो माझा भाऊ होईल!"

"मग भावासारखं भांड. त्याला सिबूचं कोर्ट लागत नाही."

तिला हसू आवरेना. उंतानने बजावलं की दोन्ही कामं एका डुकरात उरकणार नाहीत, दत्तकाला डोक्यावरून ओवाळायला कोंबडा वेगळा लागेल. कुणीतरी तो धरायला खाली पळालं.

"मला कुणी विचारणार आहे का?" रेंगी म्हणाला.

"आई निवडून मिळते का कुणाला? गप बस."

तो उठून आला आणि माझ्या शेजारी चटईवर टेकला. मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही.

उंतानने विचारलं, "मग उद्या वर निघायचं होतं, त्याचं काय?"

"आईला विचारा," रेंगी म्हणाला.