मैदानासमोरची खिडकी

रविवारची सकाळ होती. चारकोपच्या दिघ्यांच्या घरात पोहे गार होत होते आणि नंदकिशोर दिघे मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसले होते. हे दृश्य आपल्या घरात कधीच दिसत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा वाचक मला अजून भेटायचा आहे! कोणी क्रिकेटवाल्यांना अक्कल शिकवत असतो, कोणी मंत्र्यांना, तर कोणी शेजारच्यांच्या सुनेला. घरबसल्या दुसऱ्याच्या चुका काढायला आपल्याला ना भांडवल लागतं ना परवानगी.

नंदकिशोर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. सगळा परिसर त्यांना नंदूकाका म्हणायचा. कॉलेजात ते थोडंफार बास्केटबॉल खेळले होते, पण नाव कमावलं ते माईकवर. सेक्टरच्या मैदानावर बास्केटबॉलची स्पर्धा असली की समालोचन नंदूकाकांचंच. आवाज खणखणीत, जीभ तिखट. खांबाला बांधलेल्या दोन भोंग्यांतून त्यांचे टोमणे आजूबाजूच्या इमारतींपर्यंत पोहोचायचे आणि लोक पोट धरून हसायचे.

त्या सकाळी मोबाईलवर, परिसराच्या ग्रुपवर, चर्चा चालली होती ती विशाल खरातची. विशाल हा सेक्टरच्या क्रीडा मंडळाच्या संघाचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू. वय एकोणीस. आदल्या दिवशीच्या उपांत्य सामन्यात तो आधी ढेपाळला आणि शेवटी त्यानेच सामना खेचून आणला. आता पुढच्या रविवारच्या अंतिम सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळवायचं की बाकावर बसवायचं, यावर सगळ्यांच्या तलवारी उपसलेल्या होत्या. तेवढ्यात शेजारचे मुकुल आणि नीलम हे बहीणभाऊ चहाला टपकले, आणि वाद मोबाईलमधून थेट पोह्यांच्या बशीपर्यंत आला.

"काका, काल वाट लागली होती यार आपली," मुकुल म्हणाला. "पास देतोय तो समोरच्याच्या हातात. हाताला साबण लावून आला होता का?"

"आणि शेवटी मॅच कोणी काढली रे? तुझ्या आजोबांनी?" नीलम उसळली. "शेवटचा क्वार्टर झकास खेळला तो. एकट्याने काढली मॅच!"

"तेच तर म्हणतोय ना! घटकेत राजा, घटकेत भिकारी. असल्या गार्डवर फायनलला भरवसा कसा ठेवायचा?"

नंदूकाका खुशीत हसले. "म्हणून तर मी त्याला लोडशेडिंग म्हणतो."

हे नाव त्यांचंच. मुंबईत लोडशेडिंग नसतं, पण इथल्या प्रत्येकाचं एक गाव असतं, आणि गावाला लाईट गेली की काय होतं आणि परत आली की पोरंसोरं कशी "आली रे आली!" म्हणून गल्लीभर ओरडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या वर्षी विशालचे दोन बास्केट लागोपाठ हुकले, तेव्हा नंदूकाका माईकवर सहज म्हणून गेले, "लाईट गेली!" मैदान खदखदून हसलं. पुढचा बास्केट पडला तेव्हा तेच ओरडले, "आली रे आली!" झालं! त्या दिवसापासून विशाल चुकला की सगळं मैदान एका सुरात ओरडायचं, "लाईट गेली!" आणि नंदूकाका माईक वर धरून त्यांना ताल द्यायचे.

जयंतीबाई पोहे पुन्हा गरम करून घेऊन आल्या. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाई त्या. मुलांची बाजू घेणं त्यांच्या रक्तात भिनलेलं.

"त्या मुलाला नाव नाही का हो?" त्यांनी विचारलं.

"अगं, गंमत असते ती! परवा तोही आला होता माझ्याकडे. म्हणाला, काका, ते लाईटचं माईकवर नका ना म्हणू."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, खेळाडूची कातडी गेंड्याची पाहिजे. मान खाली घालून गेला निघून."

"का नको म्हणतोय ते विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं, जयंती?"

जयंतीबाईंनी बशी ठेवली. "तुम्ही नवीन नोकरीला लागलात तेव्हा किती चुका करायचात ते आठवा. साहेब केबिनमध्ये बोलावून बोलायचे, तरी तुम्ही घरी येऊन जेवत नव्हतात. तेच जर साहेबांनी भोंग्यावरून सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं असतं तर? एवढासा पोरगा चारचौघांत चुकतोय, हेच त्याला पुरेसं नाही का? वर तुम्ही त्याचं बारसं करताय!"

मुकुल आणि नीलम चहात बघत बसले. नंदूकाका म्हणाले, "तू शाळेच्या बाहेर आलीच नाहीस," आणि पुन्हा मोबाईल उघडला.

गुरुवारी संध्याकाळी संघाच्या प्रशिक्षक माधुरीताईंचा फोन आला. विशालची आई गेली होती. अंतिम सामना मंडळाने पुढे ढकलला होता.

नंदूकाका मनाने वाईट नव्हते. विशालची आई आजारी असते एवढं ते ऐकून होते, पण ती इतकी आजारी होती हे त्यांना माहीत नव्हतं. ते हळहळले आणि दुसऱ्या दिवशी जयंतीबाईंना घेऊन भेटायला गेले. पत्ता विचारत गेले तेव्हा कळलं की खरातांची इमारत मैदानाला अगदी लागून आहे.

पहिल्या मजल्यावरची एक खोली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली विशालच्या आईचा, शकुताईंचा, फोटो आणि एक मेणबत्ती. विशालचे वडील भीमराज औद्योगिक वसाहतीत खोके बनवण्याच्या कारखान्यात कामाला होते. पांढऱ्या सदऱ्यात ते उंबऱ्यापर्यंत पुढे आले आणि नंदूकाकांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

"काका, तुम्ही आलात! तिला लई आनंद झाला असता."

नंदूकाकांना उमजेना. ही बाई आपल्याला कुठे ओळखत होती?

"बसा, इथंच बसा." भीमराजांनी त्यांना खिडकीला टेकवून लावलेल्या लोखंडी खाटेवर बसवलं. गादी गुंडाळलेली होती. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र बंद पडून होतं, त्याची नळी नीट वेटोळं करून वर ठेवलेली. "फुप्फुसं गेली होती तिची. दोन वर्षं जिना उतरली नाही. पोराचा खेळ बघायची फार हौस, पण मैदान दिसायचं नाही इथनं, मधे ते झाड आहे ना. मग तुमचं ऐकायची. म्हणायची, नंदूकाका बोलतात म्हणून मला माझा विशाल दिसतो."

नंदूकाकांनी मान वळवून खिडकीतून बाहेर पाहिलं. बदामाच्या झाडामुळे खरोखरच मैदान दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त खांब आणि खांबावरचे दोन भोंगे. एकाचं तोंड सरळ या खिडकीकडे होतं!

त्या घटकेला त्यांना एकच आधार सुचला. ते घाईघाईने म्हणाले, "शनिवारी... शनिवारी शेवटी काय खेळला तो! मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. म्हटलं, विशालने सामना जिंकून दिला! ते ऐकलं ना त्यांनी?"

भीमराज खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिले.

"नाही ओ काका. त्या दिवशी सारखं लाईट गेली, लाईट गेली चाललं होतं. पोरं लई जोरात ओरडत होती. तिला धाप लागली. म्हणाली, लावा ती खिडकी, माझ्या पोराला हसतायत, मला ऐकवत नाही. मी खिडकी लावून घेतली, पंखा मोठा केला. मग काहीच ऐकू आलं नाही."

"पण नंतर सांगितलंत ना? जिंकल्याचं?"

"विशालने सांगितलं ना घरी आल्यावर. हसली. त्याच्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून सांगतोस, होय रे? आम्ही दोघांनी परोपरीने सांगितलं. तिला काही पटलं नाही. मंगळवारपासून तिचं बोलणंच बंद झालं."

दाराशी विशाल उभा होता. तो कधी आला ते कोणाला कळलंच नव्हतं. उंच, हडकुळा पोरगा, डोळे सुजलेले.

"विशाल," नंदूकाका उठले. "अरे बाळा, तू मला सांगायचंस ना! आई ऐकते म्हणून सांगितलं असतंस तर..."

"सांगायलाच आलो होतो काका." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "तुम्ही हसलात ना, मग नाही सांगता आलं. चुकलो की ओरडा व्हायचा, मग वाटायचं आई ऐकतेय, आणि हात अजूनच कापायचे. शनिवारी भोंग्याच्या खांबापाशी पाणी प्यायला गेलो, तिथून खिडकी लागलेली दिसली. म्हटलं, आता मॅच काढली तर आई उघडेल. म्हणून जीव तोडून खेळलो. सारखं तिथे जाऊन बघत होतो वर. उघडलीच नाही."

अरेरे! ज्या कोड्यावर सगळा परिसर वर्षभर वाद घालत होता, चहाचे कपावर कप रिचवत होता, त्याचं उत्तर हे होतं! त्या पोराच्या खेळातली लाईट घालवणारे हात माईकच्या बाजूलाच होते!

नंदूकाकांनी हात जोडले. "मला माफ कर, पोरा."

"माफीचं काय काका," विशाल म्हणाला. "आईला आता कोण सांगणार?"

नंदूकाका जोडलेले हात तसेच घेऊन जिना उतरले. मैदानाच्या कोपऱ्यावर आल्यावर मात्र त्यांना पुढे चालवेना, तिथल्या कठड्यावर ते मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. जयंतीबाई शेजारी बसल्या. 'मी सांगितलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"मी कुठे वाईट हेतूने बोललो गं?" नंदूकाका म्हणाले. "चार माणसं हसावीत एवढंच."

"हेतू तुमच्यापाशी राहिला हो," जयंतीबाई हळूच म्हणाल्या. "त्या घरात पोहोचला तो नुसता आवाज. खेळावर बोलू नका असं मी कधी म्हटलं? पास चुकला तर चुकला म्हणा. पण चूक खेळाची असते, नाव माणसाला चिकटतं. आणि त्या माणसाच्या मागे कोणीतरी असतंच ना, त्याच्यासाठी कान लावून बसलेलं!"

पुढे ढकललेला अंतिम सामना विशालशिवाय झाला आणि संघ हरला. नंदूकाका माईकला शिवले नाहीत. ग्रुपवर त्यांनी जे घडलं ते सगळं लिहिलं, स्वतःला पाठीशी न घालता. ते वाचून मुकुल आला आणि काकांच्या शेजारी नुसता बसून राहिला. वर्षभर त्यानेही मोठमोठ्याने लाईट घालवली होती.

विशाल मैदानावर यायचा बंद झाला. माधुरीताई दर आठवड्याला त्याच्या घरी जायच्या, खेळाबद्दल चकार शब्द न काढता चहा पिऊन यायच्या. पावसाळा सरला, दिवाळी गेली, आणि थंडीच्या स्पर्धेला एका संध्याकाळी तो बूट घालून आपणहून आला. माधुरीताईंनी नंदूकाकांना निरोप पाठवला, "माईकवर तुम्हीच बसा. पळून जाऊन कसं चालेल?"

सामना सुरू झाला. विशालचा पहिलाच बास्केट हुकला. आणि सवय काय वाईट असते बघा! मागच्या पायऱ्यांवरून दोनतीन जण ओरडलेच, "लाईट..."

"थांबा!" भोंग्यातून आवाज आला. सगळं मैदान चपापलं. नंदूकाका उभे राहिले होते. "हे नाव मी ठेवलं होतं. ते मी परत घेतो. या मुलाचं नाव विशाल आहे. त्याचा बास्केट हुकला. तो पुन्हा टाकेल."

खेळ पुढे चालू झाला. विशाल आणखी दोनदा चुकला, मैदान गप्प राहिलं. मग उजवीकडून तो एकाला चकवून आत घुसला, उडी मारली, आणि चेंडू जाळीतून सरळ खाली आला.

नंदूकाका ओरडले नाहीत. प्रत्येक शब्द सुटा ऐकू यावा अशा बेताने ते म्हणाले, "बास्केट. विशाल शकुंतला भीमराज खरात." मग पुन्हा एकदा तेच म्हणाले.

विशालने वर पाहिलं. बदामाची पानं थंडीने झडली होती आणि खिडकी उघडी होती. खाटेवर भीमराज एकटेच बसले होते, मांडीवर शकुताईंचा फोटो घेऊन. फोटोचं तोंड त्यांनी मैदानाकडे केलं होतं.

संघ त्या दिवशीही हरला. विशाल आजही कधी झकास खेळतो, कधी ढेपाळतो. एकोणीस-वीस वर्षांची मुलं अशीच असतात. खंत एवढीच की ज्या बाईला त्याचं नाव भोंग्यावरून ऐकायचं होतं, तिला ते ऐकायला मिळालं नाही, आणि नंदूकाकांनी जन्मभर माईकवर ते घेतलं तरी मिळणार नाही.

मित्रहो, माईक काही फक्त नंदूकाकांच्या हातात नव्हता. तो आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. कोणाची चूक दिसली तर जरूर दाखवा, पण त्याला नाव ठेवण्याआधी, त्याला हसण्याआधी एकदा मान वर करून बघा. समोर कोणाची तरी खिडकी असते. ती उघडी आहे, तोवरच आपले शब्द सुधारून घ्यावेत!